मालकहो, डेस्कवरचा माणूस काढू नका

प्रति,
मराठी दैनिकांचे मालक, संचालक आणि समूह संपादक यांस

स. न. वि. वि.

मी यवतमाळ जिल्ह्यातला एक तालुका वार्ताहर. अंकाची एजन्सीही माझ्याकडेच आहे. विदर्भाच्या तालुक्यांत यात नवल काही नाही. बातमी पाठवायची, पहाटे गाडीतून पडलेले गठ्ठे सोडवायचे, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या जाहिरातींचं टार्गेट गाठायचं, महिनाअखेर बिलं वसूल करत हिंडायचं, हे सारं एकाच माणसाच्या गळ्यात असतं. त्यामुळे छापायला जातं ते माझ्या हातून जातं, आणि छापून आलेलंही मीच लोकांच्या दारात टाकतो. बातमी चुकली की पहिली शिवी तुमच्या केबिनपर्यंत पोचत नाही, ती बसस्टँडवरच्या माझ्या टेबलापाशी पडते. तेवढ्या नात्याने हे पत्र लिहितो आहे. विषय एकच: जिल्हा डेस्कवरचे, म्हणजे वार्ताहराचा मजकूर तपासून पानावर सोडणारे, उपसंपादक कमी करण्याचा तुमचा सपाटा.

आधी मुद्रितशोधक गेले. संगणक आला, आता प्रूफं कोण वाचतं, असं तेव्हा सांगितलं गेलं. मग जिल्ह्याची पानं जिल्ह्यात लागायची ती नागपूरला लागू लागली. करोनात पानं घटली आणि माणसंही घटली. पानं थोडीफार परत आली, माणसं आलीच नाहीत. आता नवा फतवा असा, की वार्ताहराने मोबाइलवरच्या ॲपात मथळा, मजकूर, फोटो भरायचा, ऑपरेटरने तो पानात ओतायचा आणि शुद्धलेखन यंत्र बघून घेईल. मधला माणूस नको. काही दैनिकांत हे झालंय, काहींत घाटतंय. कोणाचं नाव घेऊन पत्र लिहीत नाही, ज्याला लागू पडेल त्याने आपलं समजावं.

मधला माणूस वाचकाला दिसत नाही, हीच त्याची अडचण. वार्ताहराला बायलाइन मिळते, म्हणजे बातमीवर नाव येतं, संपादकाचा फोटो छापून येतो. उपसंपादकाचं नाव त्याच्या लग्नाच्या बातमीतसुद्धा दुसरा कुणीतरी बारीक टायपात लावतो. आम्हाला तो ठाऊक असतो फोनवरच्या आवाजावरून. रात्री साडेआठ-नऊला, गावोगाव जाणारी डाक आवृत्ती सुटायच्या घाईत, तालुक्यातल्या कोणाही वार्ताहराला तो फोन यायचा: “भाऊ, कारंजा म्हणजे लाड की घाडगे?”

हा प्रश्न मुंबईत बसून हास्यास्पद वाटेल. कारंजा लाड वाशीम जिल्ह्यात आहे, कारंजा घाडगे वर्धा जिल्ह्यात. मंगरूळपीर वाशीमचं, मंगरूळ दस्तगीर आणि मंगरूळ चवाळा अमरावतीचे. चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार दोन्ही अमरावती जिल्ह्यातच. तालुका केळापूर आणि त्याचं मुख्यालय पांढरकवडा. आर्णी यवतमाळची, आर्वी वर्ध्याची, फरक एका अक्षराचा. “आर्णीजवळ ट्रॅव्हल्स उलटली” आणि “आर्वीजवळ ट्रॅव्हल्स उलटली” ही दोन्ही वाक्यं शुद्धलेखनाच्या हिशेबाने निर्दोष आहेत. यंत्र दोन्हींना हिरवी खूण करील. पण आदल्या रात्री ज्याचं पोर त्या रस्त्याने निघालं, त्याच्या घरची सकाळ त्या एका अक्षरावर जाते. जिल्ह्यातला उपसंपादक हे न विचारता ओळखतो, आणि शंका आली तर फोन करतो. शंका येणं हेच त्याचं काम, आणि पगार त्याला त्याचाच मिळतो.

निधनवार्तेचं सांगतो. गावात पेपर मागून वाचला जातो, पण निधनवार्ता सगळे वाचतात, ज्याला अक्षर येत नाही तो वाचून घेतो. मध्यंतरी आमच्याकडच्या एका गावात थोरले भाऊ वारले. धाकट्याने माहिती आणि फोटो ग्रुपवर पाठवले. ग्रुपमध्ये त्याचा स्वतःचाही फोटो होता, ऑपरेटरने समोर आला तो उचलला आणि लावला. दुसऱ्या दिवशी धाकटे काकाजी धोतर सावरत माझ्या टेबलापाशी हजर. “काहून बे, जित्या माणसाले मारून टाकलं का तुमच्या पेपरवाल्यानं? सकाळपासून पोरीचे फोन येऊन रायले, रडून रडून. आता मी हाय का नाई हे कोणत्या हापिसातून लिहून आणू?” आजूबाजूचे हसले, मीही हसलो. काकाजी हसले नाहीत. घरात एक मयत झालेली असताना दुसऱ्या मयतीच्या चौकशा त्यांनी झेलल्या होत्या. खुलासा तिसऱ्या दिवशी आला, दोन ओळींचा, वेगळ्याच पानावर, निविदा सूचनेच्या खाली.

ही चूक निदान खोडून काढता तरी आली. पुढच्या तशा नाहीत.

अतिवृष्टीची मदत घ्या. केंद्राच्या निकषाप्रमाणे कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, दोन हेक्टरपर्यंत. राज्याने २०२४ च्या सुरुवातीला हा आकडा १३,६०० वर आणि मर्यादा तीन हेक्टरवर नेली, मे २०२५ मध्ये परत ८,५०० आणि दोन हेक्टरवर आणली. आता “हेक्टरी”च्या जागी “एकरी” पडलं की रक्कम सरळ अडीचपट होते, आणि जुना आकडा पडला की तलाठी पैसे खातो असा गावाचा समज होतो. तलाठी कार्यालयापुढे रांग लागते, बाचाबाची होते, त्याची पुन्हा बातमी होते. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ ला ४,८९२ होता, २०२५-२६ ला ५,३२८ झाला. शेतीची पानं वर्षानुवर्षं पाहिलेल्या उपसंपादकाला हे आकडे पोरांच्या जन्मतारखांसारखे पाठ असतात. उद्या आकड्यांची अदलाबदल होऊन ५,३२८ चं ३,५२८ छापलं, तर त्या आकड्याच्या भरवशावर कोणी चार पोती खेडा खरेदीत, म्हणजे गावात आलेल्या व्यापाऱ्याला, देऊन मोकळा झालेला असतो. त्याला फरकाची रक्कम कोणतं दैनिक देणार?

फवारणीचा मजकूर तर माणसाच्या जिवाशी आहे. जुलै ते सप्टेंबर तुमच्या शेतीच्या पानावर सल्ले येतात, कृषी विद्यापीठाचे, कृषी विभागाचे. त्यात मात्रा असते. समजा मूळ मजकुरात आहे “०.४ ग्रॅम प्रति लिटर पाणी”. तो एका फॉन्टमधून दुसऱ्यात जाताना टिंब गळलं, आधीचं शून्य कोणीतरी फालतू समजून उडवलं, आणि छापून आलं “४ ग्रॅम प्रति लिटर”. दहापट. सल्ल्याच्या शेवटी अनेकदा एक ओळ असते, की ही मात्रा साध्या पंपासाठी आहे, पॉवर पंपासाठी ती तिप्पट घ्यावी. पानात जागा कमी पडली की खालची ओळ आधी कापली जाते, आणि कापताना अर्धी राहिली तर “मात्रा तिप्पट घ्यावी” एवढंच उरतं. कास्तकार ते कात्रण खिशात घालून कृषी केंद्रात जातो. फवारणारा मजूर बहुतेकदा वेगळाच असतो, डब्यावरची मुंगीएवढी अक्षरं तो वाचत नाही, मालकाने सांगितलं तेवढं ओततो.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने विसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो जणांना वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात भरती करावं लागलं, काहींची नजर गेल्यासारखी झाली होती. त्या मृत्यूंना वर्तमानपत्रं कारण नव्हती. बोंडअळीचा जोर होता, पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली होती, औषधांची सरमिसळ झाली होती, अंगावर संरक्षक कपडे नव्हते. पण त्यानंतर आमच्या भागात फवारणीच्या बातमीतला प्रत्येक आकडा तपासून घेणारे उपसंपादक मी पाहिले आहेत. “मिली आहे की ग्रॅम, विचारून सांगा, तोवर बातमी थांबवतो.” बातमी थांबवतो म्हणणारा माणूसच तुम्ही काढताय. ॲपमध्ये “सबमिट” आहे, “थांबवतो” असं बटण नाही.

आता जे लिहितो ते जरा नीट वाचावं.

गावात लहान मुलीवर अत्याचार होतो. बातमी पोलीस ठाण्यातून येते, आणि ठाण्यातून येते तेव्हा तिच्यात सगळं असतं: गाव, मुलीची इयत्ता, शाळा, वडील काय करतात, आरोपी शेजारी की नात्यातला. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे. त्याचं कलम २३ नुसतं नाव छापू नका एवढंच सांगत नाही. पत्ता, फोटो, घरच्यांचा तपशील, शाळा, परिसर आणि ओळख पटेल अशी कोणतीही बाब छापायला त्यात मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१८ च्या निपुण सक्सेना प्रकरणात हेच आणखी ठामपणे सांगितलं. शहरात “एका उपनगरातील चौदा वर्षांची मुलगी” म्हटलं तर हजारो घरं येतात. नऊशे वस्तीच्या गावात “नववीतली मुलगी, वडील ग्रामपंचायतीत शिपाई” एवढं छापलं की गावात एकच दार उरतं. नाव छापलं नाही, कायदा पाळला, असं म्हणून ऑपरेटर पान सोडतो. तो बिचारा चुकीचा नाही, त्याला कोणी शिकवलेलंच नाही.

जाणत्या उपसंपादकाला आणखी एक कळतं. आरोपी सावत्र बाप किंवा काका असेल, तर आरोपीचं नाव छापणं म्हणजे मुलीचंच नाव छापणं. मग तो नातं ठेवतो आणि नाव काढतो, किंवा नाव ठेवतो आणि नातं काढतो, आणि गावाऐवजी नुसती ठाण्याची हद्द लिहितो. हा निर्णय करतानाही त्याला दुसऱ्या पेपरचा विचार करावा लागतो. कारण एका पेपरात गाव येतं, दुसऱ्यात नातं येतं, आणि दोन्ही पेपर एकाच पानटपरीच्या फळीवर शेजारी शेजारी पडलेले असतात. दोन वाक्यं जोडायला टपरीवरच्या माणसाला वकील लागत नाही. त्या मुलीची शाळा सुटते, लग्न लवकर उरकलं जातं, कधी घरच गाव सोडून जातं. एवढं सगळं एका विशेषणाने होतं, आणि ते विशेषण कापायला डेस्कवर अर्धा मिनिट लागतो.

मालकांसाठी एक वेगळी गोष्ट. याच कलम २३ मध्ये लिहिलं आहे, की कर्मचाऱ्याच्या कृतीला आणि हयगयीला माध्यमाचा प्रकाशक किंवा मालक संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार राहील. शिक्षा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. शेवटच्या पानाच्या तळाशी तुम्ही बारीक अक्षरात संपादकीय जबाबदारी कुणाकडे ते छापता. वर्तमानपत्रांच्या नोंदणीचा १८६७ चा कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा आला, तरी छापलेल्या मजकुराचं उत्तर संपादकाने द्यायचं ही कल्पना काही गेली नाही. उपसंपादक काढल्यावर संपादकाने ती सगळी तालुका पानं वाचायची आहेत का? माझ्या अंदाजाने एका आवृत्तीची सगळी जिल्हा पानं वाचायला एका माणसाची रात्र पुरणार नाही.

शेतकरी आत्महत्येच्या बातमीबद्दल बोलायला नको वाटतं, पण विदर्भातून पत्र लिहून ते टाळता येत नाही. अमरावती विभागाच्या पाच जिल्ह्यांत २००१ पासून या आत्महत्यांची सरकारी नोंद ठेवली जाते. प्रत्येक प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जातं, “पात्र” किंवा “अपात्र” ठरतं. नापिकी होती का, कर्ज होतं का, वसुलीचा तगादा होता का, हे पाहिलं जातं. पात्र ठरलं तर २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे एक लाखाची मदत, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. वर्तमानपत्राचं कात्रण हा काही पुरावा नव्हे. पण ते कात्रण घरचे फाइलमध्ये जपून ठेवतात, गाव त्यावर बोलतं, चौकशीला आलेला माणूसही ते वाचून आलेला असतो. पहिल्या दिवशी ठाण्यातल्या कोणीतरी “घरगुती वाद” म्हटलं आणि मथळा झाला “कौटुंबिक कलहातून शेतकऱ्याची आत्महत्या”, तर त्या बाईला नवरा गेल्याच्या तिसऱ्या दिवसापासून गावाला उत्तरं द्यावी लागतात. कारण अजून स्पष्ट नाही, हे लिहिणारा उपसंपादक असतो. वार्ताहराला ते लिहावंसं वाटत नाही, बातमी अर्धवट वाटते.

प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये आत्महत्येच्या वार्तांकनाचे नियम स्वीकारले आहेत: पद्धतीचं वर्णन नको, चिठ्ठी छापू नको, बातमी ठळक लावू नको, मदतीचा क्रमांक द्या. “विषारी औषधाचे नाव काढले, खाली टेलिमानस १४४१६ टाकले” अशी एका उपसंपादकाची ओळ मी ग्रुपवर वाचत असे. त्याला दुसऱ्या शहरात बदली नाहीतर राजीनामा असे दोन पर्याय देण्यात आले, तो आता स्पर्धा परीक्षांचे क्लास घेतो. त्याच्या जागी कोणी आलं नाही. आता औषधाचं नाव ब्रँडसकट येतं आणि खाली जागा उरली तर वाढदिवसाच्या शुभेच्छा.

आता आमच्याबद्दल, म्हणजे तालुका वार्ताहरांबद्दल. बाहेरच्यांना हे पटकन कळणार नाही. आम्ही ज्याच्याविरुद्ध बातमी देतो त्याच्याच गावात राहतो. रेती घाटावरचा माणूस, बाजार समितीतला संचालक, संस्थेचा अध्यक्ष, ठाणेदार, यांच्यापैकी निम्मे आम्हाला जाहिरात देतात आणि उरलेले आमच्या पोराला शाळेत प्रवेश देतात. यांची प्रेसनोट येते, “तेवढी लावून द्या” म्हणतात. इतकी वर्षं आमच्याकडे एक सोपं उत्तर होतं: “मी तं पाठवली होती भाऊ, वरून कापली.” आणि उलट बाजूने रेतीची बातमी छापून आली, तर “डेस्कने मागितली होती, माझ्या हातात काही नाही.” दोन्ही उत्तरं नेहमीच शंभर टक्के खरी नसत, पण त्यांच्या आडोशाने तालुक्यात पत्रकारिता चालत होती. आता सगळ्यांना माहीत झालंय की वार्ताहराने टाकलेलं थेट पानावर जातं. वरून कापणारा कोणी नाही. म्हणजे प्रत्येक ओळ माझी, प्रत्येक न आलेली ओळही माझी. रेतीचा ट्रॅक्टर रात्री माझ्या दारावरून जातो.

याचा परिणाम काय होतो ते तालुका पानं उघडून बघा. सत्कार, निवड, भूमिपूजन, वाढदिवस, निवेदन. भांडण लावणारी बातमी कोणी पाठवतच नाही. आणि अब्रुनुकसानीची नोटीस आलीच, तर ती अशा माणसाला येते ज्याच्याकडे तुमचं नेमणूकपत्रही नाही. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने श्रमिक पत्रकाराच्या व्याख्येत उपसंपादक आणि मुद्रितशोधक यांना नाव घेऊन बसवलं होतं. तालुका वार्ताहराला मात्र, वार्ताहर हा शब्द तिथे असला तरी, आपण त्या व्याख्येत बसतो की नाही, हे सिद्ध करायला वकील लावावा लागतो. ज्यांच्याबद्दल वादच नव्हता त्यांना तुम्ही काढलंत आणि सगळा भार आमच्यासारख्यांवर टाकलात.

हे खूळ आपल्याकडचंच आहे असं नाही. न्यूयॉर्क टाइम्सने २०१७ मध्ये शंभराहून अधिक कॉपी एडिटरांचा, म्हणजे आपल्याकडच्या उपसंपादकांसारख्यांचा, स्वतंत्र डेस्क मोडीत काढला. त्या वर्षी २९ जूनला तिथले बातमीदार आणि संपादक काम सोडून रस्त्यावर उतरले होते, कॉपी एडिटरांच्या बाजूने. लक्षात घ्या, ज्यांची कॉपी कापली जायची तेच त्यांच्यासाठी उतरले. मे २०२५ मध्ये शिकागो सन-टाइम्सच्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचायच्या पंधरा पुस्तकांची यादी आली. त्यातली दहा पुस्तकं जगात अस्तित्वातच नव्हती. यादी बाहेरच्या संस्थेकडून आलेली, यंत्राने, म्हणजे एआयने, बनवलेली, आणि छापण्याआधी कोणी तपासलेली नव्हती. नोव्हेंबर २०२५ मध्ये पाकिस्तानातल्या ‘डॉन’ या दैनिकात गाड्यांच्या विक्रीची बातमी आली. तिच्या शेवटी, हवं असेल तर मी याहून चटकदार आवृत्ती करून देतो, अशी यंत्राची वाचकाला विचारणा तशीच छापली गेली. डॉनला माफी मागावी लागली. ही काही गल्लीतली पत्रकं नव्हेत. तिथे जे झालं ते आमच्या तालुका पानावर झालं, तर जगात बातमी होणार नाही, आणि कोणी माफीही मागणार नाही.

यंत्राला माझा विरोध नाही. ऱ्हस्व-दीर्घ तपासायला ते बरं आहे, बोलून टंकलेला मजकूर सरळ करायलाही बरं. पण त्याला विचारलं की वाक्य बरोबर आहे का, तर ते वाक्याबद्दल सांगतं. मंगरूळमध्ये काल खरंच काय झालं ते त्याला ठाऊक नाही आणि ठाऊक नसल्याचं वाईटही वाटत नाही.

खर्चाचं गणित आम्हालाही कळतं. पाच-सहा रुपयांच्या अंकात कागदाचा खर्च निघत नाही, जाहिरात मोबाइलकडे गेली, तरुण पोरं पेपर हातात धरत नाहीत. माझ्याच टेबलावरचे गठ्ठे बारीक झालेत. पण त्याच टेबलावर रोज काय ऐकू येतं तेही सांगतो. कोणीतरी मोबाइल पुढे करतो, कर्जमाफीचा मेसेज असतो, पिकविम्याची मुदत वाढल्याचा असतो, शाळेला सुट्टी असल्याचा असतो, आणि विचारतो, “भाऊ, हे पेपरात आलं काय?” आलं नसेल तर मेसेज पुसतो. जो माणूस पेपर विकत घेत नाही तोही हे विचारायला येतो. त्याला माहीत नाही की पेपरात आलं म्हणजे कोणी वाचून, विचारून, थांबवून मग सोडलं. त्याला फक्त भरवसा ठाऊक आहे. तुमच्याकडे विकायला एवढीच वस्तू उरली आहे, आणि तीच तयार करणारा माणूस तुम्ही पगारपत्रकातून खोडता आहात. एका उपसंपादकाचा वर्षाचा पगार आमच्या जिल्ह्यातून १५ ऑगस्टच्या एका पुरवणीत गोळा होणाऱ्या जाहिरातींत निघून जाईल, असा माझा अंदाज आहे. खोटा असेल तर हिशेब छापा, मीच वाटतो.

मागणं फार नाही. प्रत्येक जिल्ह्याला संध्याकाळी डेस्कवर बसणारा, त्या जिल्ह्यातली गावं, नद्या, पिकं आणि माणसं ओळखणारा निदान एक उपसंपादक ठेवा. तो नागपूरला बसला तरी चालेल, पण त्याच्याकडे एकाच वेळी चार जिल्हे नकोत. लहान मुलांचे आणि बायकांवरचे गुन्हे, आत्महत्या, दोन समाजांतला तणाव, फवारणीची मात्रा, सरकारी मदतीचे आकडे आणि मुदती, यांतलं काहीही दुसऱ्या माणसाने वाचल्याशिवाय पानावर जाणार नाही असा नियम करा, आणि ॲपात त्यासाठी “थांबवा” हे बटण द्या. ते दाबलं म्हणून पान उशिरा सुटलं तर त्याचा जाब विचारू नका. खुलासा चूक ज्या पानावर झाली त्याच पानावर, दिसेल एवढ्या टायपात द्या. आणि अंक सुटेपर्यंत उचलला जाईल असा एक फोन नंबर आम्हाला द्या. सध्या जो आहे त्यावर, आपला कॉल महत्त्वाचा आहे, असं सांगणारी बाई बोलते.

आमच्याकडे फवारणी जुलैअखेर जोर धरते, खरिपाच्या पीकविम्याची मुदतही साधारण ३१ जुलैच्या आसपास असते. त्याआधी, जूनमध्येच, जिल्हा डेस्कवर माणूस बसवावा. जागा भरायची असेल तर क्लास घेणाऱ्या त्या उपसंपादकाचा नंबर माझ्याकडे आहे, मागाल तेव्हा पाठवतो.

आपला,
एक तालुका वार्ताहर आणि एजंट
जि. यवतमाळ